मोजमाप पुस्तिका, पान सदतीस

नगरपंचायतीच्या बागेची भिंत फुटली आहे
तहसीलच्या बाजूनं, करंजामागे.
रुंदी सत्तर सेंटिमीटर. दोन गज वाकवलेले,
तिसरा कुणीतरी घरी नेला.
शुक्रवारच्या आत बुजवून टाका, म्हणाले मुख्याधिकारी,
आधी अंदाजपत्रक.

मी शुक्रवारीच गेलो. बाजाराचा दिवस, मे महिना,
टेप, पाण्याची बाटली, डोक्याला दुपट्टा.
फाटकाला कुलूप. पाटीवर वेळ:
सकाळी सहा ते दहा, सायंकाळी पाच ते आठ.
खाली दहा नियम, त्यातले आठ 'नये'नं संपणारे.
म्हणून मीही भगदाडातूनच आत शिरलो,
आधी फाईल, मग पोट.

आत एक पायवाट होती
जी माझ्या नकाशात नाही.
नागपूरहून आणलेली हिरवळ पहिल्याच एप्रिलात गेली,
तिच्यावरून तिरकी, तहसीलपासून एसटी स्टँडकडे,
मध्येच चिंचेला वळसा घालून
जशी बाई ओळखीचं कोणी दिसलं की थांबते.
फरशीचा रस्ता मात्र गोल, साडेचार लाखांचा,
फिरून फिरून निघाला तिथेच येणारा.
त्यावर एक सरडा होता.

बाकं अकरा, स्टीलची.
देणगीदाराचं नाव पाठीवर, म्हणून पाठ रस्त्याकडे.
एकावरही सावली नाही.
हात टेकवला, आणि उचलला.

सावली होती ती चिंचेखाली,
आणि माणसं तिथे, भुईवर:
कारल्याची टोपली रिकामी करून आलेल्या तुळसाबाई नैताम,
फेरफाराच्या नकलेसाठी 'जेवणानंतर या' ऐकून आलेले शेख हारून,
एकाच पेनानं दोन अर्ज भरणारे दोन पोट्टे,
आणि एक पोरगी, स्वतःच लेकरू वाटावी अशी,
करंजाकडे तोंड करून लेकराला पाजत.

"काहून मोजून रायले सायेब?"
"भगदाड बुजवायचं आहे, आजी."
तुळसाबाई चिडल्या नाहीत. पिशवीतून काकडी काढली,
गुडघ्यावर मोडली, अर्धी मला दिली.
"मंग आमी कुठून याव?"

प्रश्न तांत्रिक होता.
उत्तरासाठी मी चिंचेला टेकलो
आणि बसल्या बसल्या मोजू लागलो.
बारा ते चार: भिंतीतून एकशे बेचाळीस माणसं,
सात शेळ्या, एक सायकल, उचलून.
फाटकातून कोणी नाही.
म्हाताऱ्यांना पाय दीड वीत उचलावा लागे
आणि प्रत्येकाचा हात त्याच एका विटेवर पडे.
देवळाच्या उंबऱ्यासारखी झालीय, असं लिहिणार होतो,
पण मोजमाप पुस्तिकेत उपमा चालत नाहीत.
लिहिलं: वीट एक, झिजलेली.

तीनच्या सुमारास सावली सरकली.
तिच्यामागे सगळे सरकले, न बोलता, हातभर पूर्वेला.
बाक सरकत नाही. चार बोल्ट, काँक्रीटमध्ये.

ऑफिसात येऊन 'भिंत बुजवणे' या ओळीवर रेघ मारली.
खाली लिहिलं: फाटक प्रस्तावित, बिनकुलपाचं.
पायरी काढून उतार.
पायवाटेवर मुरूम, आहे तिथेच, आहे तशी तिरकी.
बाकं उखडून चिंचेखाली. नळ एक.
बायकांसाठी संडास, कडी आतून लागणारी.
खर्च: गोल रस्त्याच्या पाव.

पंधरा दिवसांनी फाईल परत आली.
लाल शाईत एकच शेरा:
'फाटकाची रुंदी कोणत्या आधारे?'

आज पुन्हा शुक्रवार.
तुळसाबाईंना मी भगदाडासमोर उभं केलंय,
डोक्यावर टोपली, कडेवर नातू, हातात पिशवी.
कोपरापासून कोपरापर्यंत टेप धरलाय.
"हलू नका."
"हालत नायी," त्या म्हणतात,
"पण लवकर लिव बाप्पा, गाडी सुटते."