डाव्या हाताचे टाके

तीन दिवसांची परवानगी मिळाली होती.
हातमोजे घालून, श्वास आवरून पाहिलं:
ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीत
सहा शतकं निजलेलं
एका मुलाचं टोपडं, खांद्यांपर्यंत उतरणारं.
कोपनहेगनला त्याची नक्कल हवी होती.
करारात लिहिलेलं, टाक्याला टाका.

तिरक्या विणीची काळपट लोकर,
काठ एकदाच दुमडलेला,
आणि टाके फक्त आतून.
सुई कापडाच्या जाडीत शिरते,
अर्ध्यातूनच मागे फिरते.
बाहेरून पाहणाऱ्याला शिवण दिसतच नाही.
बोदिल शिकवताना म्हणायची,
सुलटी बाजू जगाची,
उलट्या बाजूशी खोटं बोलता येत नाही.

मोजत गेले. बोटभर काठात नऊ टाके,
सगळे उजवीकडे कललेले,
एकाच वाऱ्यातल्या गवतासारखे.
मग डाव्या कानाच्या जरा खाली
दोरा संपतो.
गाठ नाही. नुसता संपतो.

पुढचे टाके उलटे कलतात.
बोटभरात सहा, मग पाच.
दोऱ्याला मेण नाही, पीळ सैल,
आणि एक टाका चुकून आरपार गेलेला,
सुलट्या बाजूवर उघडा पडलेला.

का, ते कापड सांगत नाही.
मी अंदाज लिहिले आणि खोडले.
ताप. होडीवरून आलेली हाक. भांडण.
कदाचित नुसतं दूध उतू गेलं असेल.
नोंदवहीत एवढंच ठेवलं: शिवणारे हात दोन.
संग्रहालयातला एस्बेन हसला,
दोनच असतात की सगळ्यांना.

घरी, मार्चमधल्या खिडकीशी,
त्या कानापर्यंत यायला तीन आठवडे लागले.
दोरा कापला.
बोटं सवयीने गाठ मारायला निघाली,
त्यांना थांबवलं,
आणि सुई डाव्या हातात घेतली.

पहिला टाका अंगठ्यात.
अंगुस्तान चुकीच्या बोटात.
सहा टाक्यांना अख्खी संध्याकाळ,
चाळीस वर्षं शिवते आहे मी.

तो आरपारचा टाका
मुद्दाम घालावा लागेल असं वाटलं होतं.
नाही लागला. आपसूकच गेला,
फक्त जागेच्या दोन टाके आधी.

उसवायचा, की राहू द्यायचा?
एस्बेनला विचारायला हवं.
उद्या विचारेन.
आत्ता टोपडं पालथं मांडीवर आहे
आणि उजवा हात, रिकामा,
त्याचा काठ धरून बसला आहे.