गाठ

मे महिन्यात धुळ्यातली सगळ्यात गार खोली आमची.
माणसांसाठी नव्हे, मशीनसाठी गार.
सुपडू दगा मिस्तरी पिंपळनेरहून पहिल्या एसटीने आले,
डोक्याला टॉवेल, कानाच्या पाळीत भुसा,
चाळीस वर्षं वखारीत आरा मशीनवर.
खोकला होळीपासूनचा.

गळ्यातला ताईत काढा म्हटलं
तर काढून मुठीत धरला.
हात डोक्यावर घ्या म्हटलं
तर घेतले, ट्रकवर ओंडका चढवताना घेतात तसे.
मशीन हिंदीत म्हणाली, साँस रोकिए,
मग म्हणाली, छोड़िए.
त्यांनी नाही सोडला.
मी काचेवर टकटक केलं तेव्हा सोडला,
एकदम, पंक्चर झाल्यासारखा.

पेशंटला पडदा दाखवायचा नाही असा नियम आहे.
डॉक्टर जेवायला गेलेले. मिस्तरी दारात उभे.
"माले बी दखाड ना ताई,
मना आंगमा काय शे."

हा आडवा काप, मी म्हटलं.
तुम्ही उताणे, आम्ही पायांकडून बघतोय,
म्हणून तुमची डावी बाजू इथं उजवीकडे.
त्यांना नवल नाही वाटलं.
बूड कुठलं, शेंडा कुठला, ते आधी ठरतं,
मग पातं लागतं, म्हणाले.

चाक फिरवलं.
गळ्यापासून खाली उतरलो दोघं:
श्वासनळी एक, थोडं खाली तिच्या दोन,
हृदय एका कुशीला येऊन बसलं, उठून गेलं,
यकृताचा माथा वर आला, बुडत्या नावेच्या उलट.
चौथ्या बरगडीवर जुना जाडसर सांधा.
मिस्तरींनी सदऱ्यावरून तिथंच बोट ठेवलं.
सागाचा ओंडका घसरला होता, शांताराम शेठच्या वेळी.
दवाखान्यात गेलेच नव्हते.

"भुसा कथा पडना?"
मला आधी कळेचना.
एवढे काप, चारशेच्या वर, मिलिमीटर-मिलिमीटरचे,
आणि माणूस अख्खा, टॉवेल झटकत.
त्यांच्याकडे दर कापाला पात्याएवढं लाकूड जातं,
गिऱ्हाइकाला ते कधीच पटत नाही.

मग त्यांना दिसलं. उजव्या फुप्फुसात,
काळ्यात पांढरं, ज्वारीच्या दाण्याएवढं, गोल.
"हाई काय शे? गाठ शे का?"

थांबा, म्हटलं. एका कापावर जायचं नसतं.
काप फिरवला, आता समोरून उभा,
दार उघडून आत पाहावं तसा.
दाणा लांबला, वाकला, त्याला फाटे फुटले,
रक्तवाहिनी होती ती, आपल्या वाटेने चाललेली.
मिस्तरी हसले, खोकले, पुन्हा हसले.
फळीत दिसते ती गाठ कुठं असते?
फांदी असते. आपण तिला आडवी कापली
म्हणून गोल. झाडाला तर ती फांदीच ठाऊक.
जिती फांदी असली तर फळी धरून ठेवते,
सुकली असली तर रंधा मारताना गळून पडते, भोक राहतं.
मेजावर बोटाने काढून दाखवलं मला.

इथंच थांबायला हवं होतं मी.
पण हात चाकावर, आणि चाकाला सवय.
डाव्या बाजूला, वरच्या पाळीत, आणखी एक.
आडव्यात गोल.
समोरून गोल.
कुशीवरून कापलं, नाकापासून पाठीपर्यंत चिरावं तसं,
तरी गोल.
कुठून आलं नाही, कुठं गेलं नाही.

मी काही बोलले नाही. मला बोलायचा अधिकार नाही,
आणि तो नाही याचं त्या क्षणी बरं वाटलं.
मिस्तरींनी तिन्ही चौकटी पाहिल्या, सावकाश,
फळीवरून डोळा फिरवतात तशा,
एक डोळा मिटून.
त्यांनी विचारलं नाही.

ताईत बांधायला गाठ बसेना,
मागून मी बांधून दिली.
साक्रीची गाडी किती वाजता, म्हणाले,
आणि हे फोटो पिशवीत दुमडले तर चालतील का.
नाही चालणार, मी म्हटलं. उभेच धरा.

डॉक्टर साडेतीनला आले, हात पुसत.
मी काप क्रमांक लिहून ठेवला होता, एकशे बारा,
पुढे नाव, वय, गाव.
काम या रकान्यात काय लिहावं कळेना म्हणून लिहिलं:
कापणं.