थाप

शड्डू ठोकायला सिद्राय वस्तादांनी पहिल्याच दिवशी शिकवलं.
आवाज मांडीतून नाही, पोटातून यायला पाहिजे, म्हणाले,
कडोलीच्या वेशीवरची म्हैस वळून बघाय पाहिजे.
म्हैस वळायची.

थाप द्यायला मात्र कुणी शिकवलं नाही.
म्हणजे सांगितलं असेल एकदा,
मातीत ताक-हळद कालवताना:
सोसेना झालं की त्याच्या पाठीवर दोनदा हात मार, तो सोडतोय.
पण ते असं, जसं घरातलं कुणी सांगतं,
परसात विहीर आहे, अंधारात जपून.

अठ्ठ्याऐंशी साल. रताळी काढायचे दिवस.
भरमा नायकर माझ्यापेक्षा आठ किलोनं जड,
शिव्या कन्नडात, डाव मराठीत.
त्यानं मानेवर कुंदा घातला
(बेळगावात डब्यातून मिळतो तो नव्हे)
आणि माझं नाक मातीत गेल्यावर
उजवा हात धरून पाठीवर चढवला,
सावकाश, दोर पिळावा तसा.

दुखणं आधी नुसतं दुखणं असतं.
मग त्यात एक जागा येते, सुपारीएवढी,
तिथं दुखायचं थांबतं
आणि फक्त कळतं.
मला कळलं होतं.
डावा हात मोकळा होता,
त्याच्या बरगडीपासून वीतभर लांब.

कठड्यावर चार पोरं बसलेली.
त्यातल्या एकाच्या बहिणीशी माझं ठरायचं होतं.
(पुढं ठरलं नाही. त्याचं कारण वेगळं.)
भरमा कानाशी म्हणाला, साकु काय?
साकु म्हणजे पुरे.
तेवढं कन्नड मला येत होतं.
मी न आल्यासारखं केलं.

आवाज काही मोठा नव्हता.
बाहेर वस्ताद रहाट ओढत होते,
तो थांबला.

भरमा रडला. मी नाही.
याचा मला पुष्कळ वर्षं अभिमान होता.
घरी सांगितलं, माळ्यावरून पडलो.
तेवढी थाप मात्र झकास जमली.

मग उद्यमबागेत फौंड्री,
बसमध्ये वरचा दांडा डाव्या हातानं धरायचा
आणि शहापूर येईस्तोवर
ती वीत मोजत राहायची.

आता तालमीत निळी मॅट आलीय.
मातीचा वास जाऊन रबराचा.
भरमाची नात येते सकाळी सहाला. नाव सहना.
कन्नडात ठेवलेलं नाव, मराठीतही अर्थ लागतो,
घोळ तिथंच आहे.

परवा ती अडकली.
वरची पोरगी अनगोळची, दांडगी,
हिचा हात कोपरात उलटा.
ओठ पांढरे, डोळे उघडे,
आणि दुसरा हात मोकळा, मॅटवर पालथा पडलेला,
जसा काही दुसऱ्याच कुणाचा.
मी ओरडायला पाहिजे होतं, मार गं, मार.
तोंडातून शब्द येईना. मराठी नाही, कन्नड नाही.
गुडघ्यावर बसलो
आणि मॅटवर मीच दोनदा हात मारला.
उजवाच. तो वर जात नाही,
खाली जातो.

अनगोळची सोडून बाजूला झाली.
सहना उठून कोपर चोळत म्हणाली,
तुम्ही का मारला ओ काका? मला कळूलालं की.
कळूलालं, मी म्हटलं.
ती पाणी प्यायला गेली. रागानं.
जाताना दोन्ही हात हलत होते.

भरमा दारात, दुधाची किटली घेऊन.
कधीपासून उभा होता, ठाऊक नाही.
इतक्या वर्षांत त्यानं माझ्या खांद्याकडं बघितलेलं नाही,
आजही बघितलं नाही.
चहा घेणार काय, म्हणाला.
घेतो की, म्हटलं.
किटलीचं ओझं त्यानं माझ्या डाव्या बाजूला दिलं,
न विचारता.