पाचर

आठ वाजता ताडपत्री ओढली,
रात्रभराचं दव घरंगळून थेट माझ्या बुटात.
विल्टशायरच्या या उतारावर, मेंढ्यांच्या कुंपणालगत,
रोमन काळातलं धान्याचं कोठार आहे म्हणे.
म्हणे, कारण दिसतं ते फक्त
दोरीनं आखलेलं ओलं शेत.

थापी आपल्याकडे ओढायची, ढकलायची नाही,
क्लेमेन्सीनं पहिल्याच शनिवारी शिकवलं.
एरवी मी स्विंडनच्या इस्पितळात पगारपत्रकं करतो;
माझे गुडघे या कामाचे नाहीत.
अकरापर्यंत सापडलं ते असं:
मेंढीचा दात, वाकलेला खिळा,
निळ्या नक्षीच्या बशीचा टवका
(तो अगदी अलीकडचा, शे-दीडशे वर्षांचा, तो धरत नाहीत),
आणि गोगलगाई. गोगलगाईच गोगलगाई.

चहानंतर माती बदलली.
पांढुरक्या खडूत एक गर्द गोल, ताटाएवढा.
हलू नकोस, यागोदा म्हणाली, आणि फोटो काढला.
मग रंगांचं पुस्तक आलं:
पानभर तपकिरी चौकोन, प्रत्येकाला आकडा.
जुळव म्हणाले.
मी पानं उलटत राहिलो.
मनात काकवी हा शब्द येऊन बसला होता,
तो कुठल्याच पानावर नव्हता.

खांबाचा खड्डा, क्लेमेन्सी म्हणाली.
खांब कधीच कुजून गेला. ही आहे ती
खांब नसल्याची माती.

अर्धा गोल खणायचा, अर्धा तसाच ठेवायचा,
कापलेल्या कडेवर दिसेल ते कागदावर उतरवायचं.
हातभर खाली गेलो तर दगड. एक, दोन, पाच,
कडेनं ठासलेले, सगळे आत कललेले,
आणि उताराच्या बाजूला, दगड पुरेना म्हणून,
फुटक्या कौलाचा तुकडा आडवा हाणलेला.

पाचर!
मी मराठीत ओरडलो.
शेजारच्या खड्ड्यातला म्हातारा ऑल्विन
दचकून टोपी सावरत उभा राहिला.

अप्पा बार्शीत लग्नाचे मांडव घालायचे.
हळद-कुंकू, नारळ, फोटो, सगळं मुहूर्तमेढीला;
बाकीच्या चाळीस बल्ल्यांना आम्ही दोघं भाऊ.
पहारीनं खड्डा, बल्ली, दगड, माती, पाणी, लाथ.
तरी एखादी कललीच तर अप्पा इकडेतिकडे बघायचे,
कुणाच्या तरी कुंपणाची वीट उचलायचे
आणि दोन घावांत तिला वठणीवर आणायचे.
"उभी राहिली ना? मग झालं.
परवा उपटायचीच आहे."

त्यांचा एकही मांडव आता कुठे असणार.
पण बार्शीच्या गल्ल्यागल्ल्यांत, डांबराखाली,
चाळीस-चाळीसचे गोल असतील,
भोवतीच्या मातीहून थोडे वेगळे.

हे क्लेमेन्सीला सांगायला लागलो
आणि मांडव या शब्दापाशीच अडलो.
तंबू नव्हे. छप्परही नव्हे म्हणजे...
छान, ती म्हणाली, आता खोली मोज.

चार वाजता कौल काढायची परवानगी मिळाली.
बोटांनी सैल केलं. आलं.
त्यामागची माती, सुस्कारा सोडावा तशी,
हळूच खाली बसली.
इतकी शतकं ते नेटानं धरून होतं.
काय? तिथे तर काहीच नव्हतं.
"कड ढासळली," क्लेमेन्सीनं तक्त्यात लिहिलं,
माझ्या नावापुढे.

बसमध्ये नखांतला खडू कोरत बहिणीला फोन लावला.
तिकडे साडेदहा, ती अंथरुणं घालत होती.
अप्पांची पहार कुठे आहे गं?
आहे की. न्हाणीच्या दाराला टेकू दिलाय,
ते मेलं उभंच राहत नाही. का रे?

काही नाही, म्हटलं.
राहू दे तिथंच.