पाणी किती फुटांवर?

हळदीच्या दुकानावरची ही खोली, सांगलीच्या गावभागातली.
जिन्याच्या सातव्या पायरीपाशी
निळ्या ऑइलपेंटची रेघ, शेजारी तारीख.
पूर ओसरल्यावर अण्णांनी ओढली,
नखांतला चिखल निघायच्या आधी.
कुणी सोडलं, कुणी अडवलं,
यातलं काही लिहिलं नाही त्यांनी.
पाणी इथवर आलं होतं. एवढंच.

शुक्रवारी साडेचारला मी रेट्रो घेते.
सहा चौकोन. चार काळे, नुसत्या आद्याक्षरांचे.
एकात मी, एकात भरतेशची दाढी आणि त्याच्या मागे पंखा.
बोर्डावर तीन रकाने:
काय जमलं, काय फसलं, पुढे काय.
पिवळ्या चिठ्ठ्या येतात,
"टीमवर्क छान", "संवाद वाढवावा", "सर्वांचे आभार".
आहेराच्या पाकिटावर लिहितात तसं.

आणि मंगळवारी रात्री तर आम्ही
चारशे अकरा माणसांचं वीजबिल
दोनदा कापून घेतलं होतं.

खेळही करून पाहिले मी.
होडी काढली, नांगर काढला.
"या पंधरवड्याला भाजीचं नाव द्या" म्हटलं,
तिघांनी दोडका लिहिलं.
हसले सगळे, आणि माईक पुन्हा बंद.

मग त्या शुक्रवारी बोर्ड उघडायच्या आधीच
तोंडातून निघून गेलं,
पावसाळ्यात आम्ही सांगलीकर
दात घासायच्याही आधी विचारतो ते:
पाणी किती फुटांवर?
कुणालाच कळेना. मग सांगितलं,
आयर्विन पुलाला चाळीसला इशारा,
पंचेचाळीसला धोका.
आपल्या आत आत्ता किती आहे, तेवढा आकडा टाका.
कारण नको.

भरतेश, इचलकरंजी: अठ्ठावीस.
शबाना मुजावर, मिरज: एकेचाळीस,
त्यातले दहा बाळाच्या दातांचे.
विरूपाक्ष, हुबळी: बारा.
तन्मयी, पुणे: "अडतीस लिहू की खरं लिहू?"
गोपीनाथ ढोबळे, वर्धा.
टिंबं हलली, थांबली, परत हलली.
"सत्तेचाळीस. दोन आठवडे झाले."

"का" विचारणार होते. जीभ दातांखाली धरली.
कॉलवरचा एक मिनिट फार लांब असतो.
खाली दुकानात कुणीतरी पोतं आपटलं.
मग त्याचा माईक उघडला.
"मी सांगितलं होतं, रिट्राय दोनदा जातोय म्हणून.
मागच्या महिन्यातच. बोलून झाल्यावर दिसलं,
मी म्यूटवर होतो.
परत कशाला, असं वाटलं.
कुणी विचारलं नाही ना."

मी वही काढली. त्या दिवसाची नोंद,
माझंच अक्षर: गोपीनाथ, काही नाही.
त्या दिवशी त्याचा कॅमेरा चालू होता.
ओठ हलताना मला दिसले असणार.
मी दुसऱ्या खिडकीत
पुढच्या बैठकीची वेळ जुळवत होते.
ते पान मी कॅमेऱ्यासमोर धरलं.

शबाना म्हणाली, रिट्राय मी लिहिलाय.
भरतेश म्हणाला, मी न वाचताच हिरवी खूण केली,
साडेअकरा वाजले होते, भूक लागली होती.
तन्मयीने कॅमेरा लावला. डोळे लाल.
"त्रेचाळीस," ती म्हणाली.

ठरलं एकच.
कुणाचे ओठ आवाजाशिवाय हलताना दिसले
तर जो पाहील त्याने टेबल वाजवायचं.
तिन्ही रकाने कोरे राहिले.
साहेबांना अहवालात काय पाठवायचं,
तो प्रश्न सोमवारवर ढकलला.

काल गोपीनाथने लिहिलं: "चौतीस. उतरतंय."
शबानाने टेबल वाजवलं, उगाचच. बाळानेही वाजवलं.
विरूपाक्ष: बारा.
गेल्या वेळी बारा. त्याच्या आधी बारा.
इतके आठवडे एकाच आकड्यावर
कुठली नदी थांबते?
कॉल संपल्यावर जिन्यात आले,
सातव्या पायरीवर बसून त्याचा नंबर लावला.
रिंग जातेय.