एका खिळ्याची परवानगी

करारात सातवं कलम होतं :
भिंतीला वा चौकटीला खिळा ठोकू नये.
मी सही केली.
पेणहून बदली, पंधरा दिवसांत हजर व्हायचं,
खिळ्यासाठी कोण भांडत बसतं.

खांबेटेकाकांनी आडनाव दोनदा वाचलं.
झिराडकर. म्हणजे अलिबागकडचे.
पुढचा प्रश्न त्यांनी सुपारीसारखा
या गालातून त्या गालात फिरवला.
मीच म्हटलं, आम्ही शनिवार पाळतो.
मारुतीचा?
हो म्हटलं असतं
तर भाडं पाचशेनं उतरलं असतं बहुतेक.

मेझुझा मी दुहेरी टेपनं चिकटवला.
त्याच रात्री पडला, टप्प.
उचलला, ओठांना लावला, पुन्हा चिकटवला.
तीन आठवडे तो पडत होता
आणि मी उचलत होते.
देवाशी इतका रोजचा संबंध
घरी कधी आला नव्हता.

चौथ्या शुक्रवारी रिक्षावाल्याला म्हटलं,
रास्ता पेठ, मशिदीपाशी.
आजोबा आमच्या देवळाला मशीदच म्हणायचे,
तोच शब्द जिभेवर आला.
त्यानं इमानानं खऱ्या मशिदीपुढे उतरवलं.
अत्तरवाल्यानं माझी साडी पाहिली, घड्याळाकडे बघणं पाहिलं,
म्हणाला, तुमची पुढे.
हॉस्पिटलच्या मागं. फाटकावर पोलीस दिसेल.

पोलिसानं आधार मागितलं.
सेगुला सिमसन झिराडकर.
कार्ड उलटं करून पाहिलं.
मराठीच की तुम्ही.
हो.
मग आत काय काम?
याचं उत्तर मला
अजूनही एका वाक्यात देता येत नाही.

आत नऊ पुरुष.
मोजून झालेले, ते चेहऱ्यांवरच दिसत होतं.
दार करकरलं तशा नऊ टोप्या वळल्या,
नऊ जणांनी माझ्याकडे पाहिलं
आणि लगेच माझ्या मागे.

माझ्या मागे कोणी नव्हतं.

बायकांच्या बाकावर एक म्हातारी सरकली.
आधी जागा दिली, मग गाव विचारलं,
मग कुठले झिराडकर, घाण्याजवळचे की खाडीकडचे.
घाण्याजवळचे म्हटल्यावर
एमाबाई वाकरूळकर कानाशी वाकल्या :
तुझी थोरली आत्या आमच्या दिराला सांगून आली होती.
उंच फार, म्हणून आम्ही नको म्हटलं.
थोडा वेळ गेला.
चूक झाली गं, म्हणाल्या.
चाळीस वर्षांपूर्वीची ती चूक
कुणाकडे पोचवावी याची वाट बघत
त्या तिथे बसल्या असाव्यात.

दहावा हिंजवडीत अडकला होता.
हजान खिडकीतल्या उजेडाकडे बघत राहिले.
कुणीतरी फोन करून आलं,
चांदणी चौक सोडला म्हणे.
आणि अगदी शेवटच्या उजेडात
गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लोंबतंय
असा एक घामाघूम पोरगा आत आला,
आणि नऊ जणांचे खांदे एकदम खाली आले.
माझेही आले. का, ते मला माहीत नाही.
मी तर मोजणीत नव्हते.

नंतर काळ्या मनुकांचं शरबत.
फार गोड, पाणी कमी पडलेलं.
आमच्याकडे असं करत नाहीत, हे ओठांवर आलं
आणि मग 'आमच्याकडे' कुठे, म्हणून गिळलं.

निघताना टेपची गोष्ट सांगितली.
एमाबाई भडकल्या :
मेझुझा म्हणजे काय कॅलेंडर आहे?
दुसऱ्या आठवड्यात दोन जिने चढून, धापा टाकत
त्यांनी खांबेटेकाकांना गाठलं.
दाराआड मला एवढंच ऐकू आलं :
तुमच्या गणपतीला भिंत लागत नाही का?

परवानगी मिळाली. एका खिळ्याची.
करारात पेनानं घातली, तारखेसकट.

एकाच खिळ्यावर तो फिरतो.
आमचा मेझुझा तिरका असतो.
महिन्याच्या पाच तारखेला काका भाड्याला येतात,
चपला काढतात,
आणि कुणाचं काही वाकडं बघवत नसल्यासारखे
एका बोटानं तो सरळ करतात.

ते गेले की मी तिरका करते.
यावर आम्ही कधी बोललेलो नाही.