दोन तीन, दोन आठ

उद्यमनगरात लाईट गेली
की लगेच शांत होत नाही.
आधी लेथ दम सोडत थांबतो,
मग पट्टा, मग कुणाचा तरी खोकला,
मग पलीकडच्या फाउंड्रीतून
ओल्या वाळूचा वास.

त्या दुपारी बाद झालेल्या एका फ्लँजवर
मी खडूनं लिहिलं: ३ ३ ८ ८.
चारही घ्यायचे, एकेकदाच.
मिळवा, वजा करा, गुणा, भागा,
चोवीस आणा.

"तीन आठे चोवीस," सात्ताप्पा म्हणाला,
चहाचा ग्लास अजून ओठालाच होता.
आणि उरलेला तीन? उरलेला आठ?
"ऱ्हाऊ देत की. कुणाला नडतंय?"
हसले सगळे.
खडू मात्र कुणी पुसला नाही.

माझं काम मापायचं.
व्हर्नियर ॲप्रनच्या खिशात,
पॉइंट शून्य दोन इकडंतिकडं झालं
की जॉबवर लाल रेघ.
सकाळीच केएमटीत, तिकिटाच्या पाठीवर
मी आठाला तिनानं भागलं होतं:
दोन पॉइंट सात.
तिनातून काढलं: पॉइंट तीन.
त्यानं आठाला भागलं तर सव्वीस आणि वर काहीबाही.
वाट चुकली म्हणून सोडून दिली.

"परत भाग," इलाहीचाचा म्हणाले.
शिकलगारांचं बोट, नखात तेल,
माझ्या मोबाईलवर टेकलेलं.
दोन घरं धरली: चोवीस पॉइंट दोन चार.
तीन धरली: चोवीस पॉइंट शून्य दोन चार.
चार धरली, आणखी एक शून्य मधे शिरलं.
चोवीस तिथंच बसलेलं,
आणि मागं ही शेपटी,
बारीक होत जाणारी, न तुटणारी.
फ्लँज असता तर पास केला असता मी.
हे कोडं होतं.

"तुला कापायची लई घाई," चाचा म्हणाले.
"आठाचे तीन वाटे म्हण, आन् गप बस.
उत्तर काढू नगं."

पावकी, निमकी, पाऊणकी,
सवायकी, दिडकी, अडीचकी,
औटकीपर्यंत त्यांना पाठ.
तिजाचा पाढा त्यांच्या मास्तरानं घेतलाच नव्हता.
"बाजारात पाव चालतो, तिजा न्हाई चालत.
तिजा घरात लागतो.
भाऊ तिघं असले की."
एवढं बोलून त्यांनी
शेडच्या मधल्या पत्र्याकडं बघितलं, नाही बघितलं,
आणि बंद लेथच्या चकवर हात ठेवला.

तीन जबडे. कुठल्याही गोल वस्तूचे
तीन सारखे वाटे,
पॉइंट न लावता.

हातानं चक फिरवला, तीन फेरे.
जबडे मोजले: नऊ.
उलटा फिरवला, आठ मागं.
वर एक राहिला,
तेल पुसलेला, निमूट.
"हा तुझा पॉइंट तीन तीन तीन.
आता आठात असले किती बसतील?"

एका फेऱ्यात तीन.
आठ फेऱ्यांत...
"आठ त्रिक," सात्ताप्पानं सुरुवात केली
आणि थांबला.
मघाशी हेच तर म्हणाला होता,
ग्लास खाली न ठेवता.
फक्त तेव्हा घरात दोघं उपाशी होते.

लाईट आली. पट्टा धरला.
कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत,
दीडशे जॉब संध्याकाळपर्यंत द्यायचे होते.
मी तिकीट काढलं,
सव्वीस खोडलं,
वर आठ, खाली तीन,
मधे एक आडवी रेघ.
पुढं बरोबरचं चिन्ह टाकायला पेन टेकवलं
आणि उचललं.

मग पहिला जॉब मापला.
पॉइंट शून्य एक जास्त.
चालतंय.